सात महिने झाले नोकरी नाही, आईबाबांना अजून सांगितलेलं नाही

कोरी_वही

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितोच. मी मालाच्या पुरवठ्याचं प्लॅनिंग बघायचो, म्हणजे कुठला माल कधी आणि किती मागवायचा, गोडाऊनला किती ठेवायचा वगैरे. अकरा वर्षं हेच काम, त्यातली शेवटची सहा एकाच कंपनीत. ऑर्डरी कमी होत गेल्या तसा आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग नवीन भरती बंद, मग बोनस, आणि एक दिवस दुपारी आमच्या डिपार्टमेंटच्या सगळ्या नऊ जणांना एकेक करून आत बोलावलं. माझा नंबर सहावा होता. आधीचे पाच जण बाहेर येताना कोणाकडे बघत नव्हते, त्यामुळे आत जायच्या आधीच कळलं होतं.

त्याला आता सात महिने झाले. मी एका वहीत सगळं लिहून ठेवतो, तारीख, कंपनी, कोणाशी बोललो, काय म्हणाले. आत्तापर्यंत १४३ अर्ज, ११ इंटरव्ह्यू, त्यातल्या ४ ठिकाणी दुसऱ्या राउंडपर्यंत गेलो. नव्वदच्या वर ठिकाणांहून काही उत्तरच नाही, नाही म्हणून सुद्धा कळवलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त लागतं. दोन ठिकाणी तर सिलेक्ट झालात, लेटर येईल म्हणाले आणि मग पोझिशन होल्डवर गेली. वहीच्या शेवटच्या रकान्यात 'होल्ड' हा शब्द इतक्या वेळा आलाय की आता नुसता 'हो' लिहितो.

बायकोला सगळं माहितीये, तिच्या पगारावर घर चाललंय. आईबाबांना माहीत नाही आणि ते आमच्याबरोबरच राहतात. त्यामुळे रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बॅग घेऊन मी बाहेर पडतो आणि वाचनालयात जाऊन बसतो. तिथे लॅपटॉप चार्जिंगला लावता येईल अशी एकच जागा आहे खिडकीजवळ, ती मिळावी म्हणून उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहतो. संध्याकाळी आई विचारते आज दमलास का रे, मी हो म्हणतो, आणि दमलेला असतोच. जुन्या ऑफिसातल्या कोणाचा फोन आला तर उचलत नाही, काय सांगणार.

मला विचारायचंय ते असं की माझ्यातच काही कमी आहे का हे कसं ओळखायचं? की आता गॅप पडली म्हणून कोणी घेत नाहीये? एका ठिकाणी चार पायऱ्या खालची जागा मिळतेय, पगार आधीच्या निम्म्याहून थोडा कमी, ती घ्यावी का? ज्यांनी हे भोगलंय किंवा जे भरती करतात त्यांनी प्लीज स्पष्ट सांगा, वाईट वाटेल म्हणून हातचं राखू नका.

टेबलापलीकडून

भाऊ, मी भरतीच्याच बाजूला काम करतो, पंधराएक वर्षं झाली, म्हणून आत काय चालतं ते सांगतो.

मागच्या वर्षी आमच्याकडे तुमच्यासारख्याच एका जागेला चार दिवसांत चारशेच्या वर अर्ज आले. आम्ही दोघं जण होतो बघायला आणि बाकीची कामं होतीच. वरचे साठ-सत्तर उघडले, त्यात बारा चांगले निघाले, तिथेच थांबलो. उरलेल्या सव्वातीनशे लोकांमध्ये त्या बारांपेक्षा सरस कोणी नव्हतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, कारण मी ते वाचलेच नाहीत. त्या सव्वातीनशेंतला प्रत्येक जण घरी बसून हाच विचार करत असणार की माझ्यात काय कमी होतं. त्यांना काही कळवलं गेलं नाही याची मला लाज वाटते, आता निदान एक ओळीचा मेल तरी जाईल असं मी बघतो.

दुसरं, होल्ड. मंदीत असं होतं की मॅनेजरला माणूस खरंच हवा असतो, तो मंजुरी घेतो, आम्ही इंटरव्ह्यू घेतो आणि तेवढ्यात वरून तिमाहीचे आकडे बघून भरती गोठवा असा निरोप येतो. त्या दोन जागांवर तुम्ही नापास झालेला नाही, उलट तुम्ही पासच झाला होतात आणि जागाच मेली. त्या दोन्ही मॅनेजरांना थेट फोन करा. एचआरला नको, मॅनेजरला. भरती उघडते तेव्हा त्याला परत सगळं पहिल्यापासून करायचा कंटाळा असतो, ज्याला आधीच निवडलंय त्याचा नंबर हाताशी असला तर तो आधी तिथेच फोन लावतो, मी हे अनेकदा बघितलंय.

आणि काही बारीक गोष्टी. जाहिरात आली की पहिल्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी अर्ज गेला पाहिजे, आठवड्याने गेलेला अर्ज त्या न उघडलेल्या ढिगातच पडतो. रेझ्युमेच्या पहिल्या पानाचा वरचा भाग म्हणजे सगळं, तिथे 'मेहनती आणि जबाबदार' लिहून जागा घालवू नका, गोडाऊनमधला पडून राहणारा माल किती कमी केला, किती पुरवठादार सांभाळले ते आकड्यात लिहा. सगळीकडे एकच रेझ्युमे पाठवत असाल तर ते बंद करा, जाहिरातीतले कामाचे शब्द आणि तुमचे शब्द जुळले पाहिजेत, कारण पुष्कळ ठिकाणी पहिली चाळणी सॉफ्टवेअर लावतं. १४३ च्या जागी ६० पाठवा पण नीट पाठवा.

कोणी नोकरी लावतो म्हणून रजिस्ट्रेशनचे किंवा ट्रेनिंगचे पैसे मागितले तर एक पैसा देऊ नका. अशा काळात हे लोक फार सुटलेले असतात आणि ते नेमके थकलेल्या माणसाला गाठतात.

सरळसोट

मला वाटतं ज्याला खरंच काम करायचंय त्याला काम मिळतंच. लोक पोस्ट आणि पगार धरून बसतात. मी पण पडेल ते काम करून वर आलोय. कुठलंही काम लहान नसतं, उद्यापासून मिळेल ते धरा.

खडू_आणि_फळा

सरळसोट, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण पहिलं वाक्य मला पटत नाही आणि ते इथे तसंच राहू द्यायचं नाहीये, कारण हे वाक्य ऐकूनच माणसं दार लावून बसतात. मी अर्थशास्त्र शिकवते.

अमेरिकेत १९२९ मध्ये शंभर कामकऱ्यांत तीनेक बेकार होते, १९३३ मध्ये पंचवीसच्या आसपास. मधल्या चार वर्षांत दर चौथा माणूस आळशी झाला का? अगदी अलीकडचं घ्या, तिथेच २०२० च्या फेब्रुवारीत बेकारी ३.५ टक्के होती आणि एप्रिलमध्ये जवळजवळ १५. दोन महिन्यांत माणसांचा स्वभाव बदलत नाही, जागा गेल्या.

मंदीत नेमकं काय होतं ते सांगते, कारण ते कळलं की निम्मं ओझं उतरतं. आपल्याला वाटतं कंपन्या माणसं काढतात म्हणून बेकारी वाढते. ते आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट गुपचूप होते, ती म्हणजे नोकरीत असलेली माणसं जागची हलत नाहीत. चांगल्या दिवसांत एक जण चांगली संधी बघून सोडतो, त्याच्या जागी दुसरीकडचा येतो, त्याची रिकामी जागा तिसरा घेतो, अशी साखळी चालते आणि त्या साखळीच्या शेपटाला बाहेरच्या माणसाला शिरायला जागा मिळते. मंदीत सगळे हातातली नोकरी घट्ट धरून बसतात, राजीनामे कमी होतात आणि साखळीच थांबते. कोरी_वही, तुम्ही पायऱ्यांवर उभे आहात आणि वरची रांगच पुढे सरकत नाहीये.

शिवाय जो आकडा बातमीत येतो तो सगळं सांगत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येप्रमाणे ज्याच्याकडे काम नाही, जो काम करायला तयार आहे आणि शोधतोही आहे तोच बेकार. आठवड्यात एक तास जरी पगारी काम केलं तरी तो रोजगारात धरला जातो, आणि थकून शोधायचं सोडलं तर तो बेकारांतून आणि एकूण श्रमशक्तीतूनच बाहेर जातो. म्हणजे बेकारीचा आकडा खाली आला तरी कधी कधी त्याचं कारण एवढंच असतं की लोकांनी हाय खाल्ली. आणि अर्थव्यवस्था सुधारायला लागली तरी नोकऱ्या मागून येतात. अमेरिकेतली २००८ ची मंदी अधिकृतपणे संपली जून २००९ ला, पण बेकारी सगळ्यात वर गेली ती त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये १० टक्क्यांवर, आणि परत ५ टक्क्यांवर यायला २०१५ उजाडलं. कंपन्या आधी आहे त्याच माणसांकडून जास्त तास काम करून घेतात, भरवसा बसला की मगच नवीन घेतात.

आता गॅपबद्दल, कारण तो तुमचा थेट प्रश्न आहे. यावर क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो या तिघा अर्थतज्ज्ञांचा २०१३ चा एक अभ्यास आहे. त्यांनी अमेरिकेतल्या साधारण ३,००० जाहिरातींना १२,००० च्या आसपास बनवलेले रेझ्युमे पाठवले, बाकी पात्रता सारखीच, फरक फक्त किती महिने बेकार यात. जितके महिने जास्त तितके फोन कमी आले, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत झाली. त्यानंतर फारसा फरक पडत नाही. म्हणजे गॅपचा फटका बसतो हे खरंय. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की जिथे मुळात नोकऱ्यांची चणचण होती तिथे गॅपचा फटका कमी बसला, कारण मालकालाही कळतं की अशा दिवसांत चांगली माणसंही घरी बसतात. त्यामुळे अमुक महिन्यानंतर आपण संपलो असं काही नसतं.

नवी_पदवी

मधेच विचारतोय, सॉरी. माझं तर शिक्षण आत्ताच संपलंय, एकही नोकरी केलेली नाही, सगळीकडे दोन वर्षांचा अनुभव मागतात, तो आणायचा कुठून? आमच्या बॅचचं तर आयुष्यभराचं नुकसान झालं असं सगळे म्हणतात.

खडू_आणि_फळा

आयुष्यभराचं नाही रे. मंदीत पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांचा कॅनडात खूप वर्षं माग काढून अभ्यास झालाय. सुरुवातीला त्यांना कमी पगाराच्या आणि लहान कंपन्यांत शिरावं लागतं, पगाराचा फटका बरीच वर्षं दिसतो, पण तो हळूहळू कमी होत साधारण दहा वर्षांत विरतो. आणि विरतो तो कसा, तर नोकऱ्या बदलत चांगल्या कंपन्यांकडे सरकल्याने. म्हणून पहिली नोकरी मनासारखी नसली तरी घे, पण तिथे मुरू नकोस. बाजार उघडला की हलायची तयारी ठेव.

उंबरठा

कोरी_वही, तुमचं इस्त्रीच्या शर्टाचं वाचलं आणि लॅपटॉप मिटून थोडा वेळ गप्प बसले. मी १४ महिने घरी होते, लेखा विभागातली नोकरी गेली होती. अर्थशास्त्राचं मला कळत नाही, पण वरच्या सगळ्यांच्या बोलण्यात जे एक राहून गेलंय ते सांगते. तुम्ही फोन उचलत नाही ही यातली सगळ्यात महागात पडणारी गोष्ट आहे.

मी पण तेच केलं. पहिले आठ-नऊ महिने कोणाला पत्ता लागू दिला नाही, लग्नाकार्याला जायचं टाळलं कारण तिथे पहिला प्रश्न काय चाललंय सध्या. अर्ज मात्र रोज, शिस्तीत. मग एकदा दवाखान्याच्या रांगेत आमच्या जुन्या ऑफिसला मालाची बिलं घेऊन येणाऱ्या बाई भेटल्या, त्यांच्याशी माझं आयुष्यात मिळून तासभर बोलणं झालं असेल. त्यांनी सहज विचारलं आणि मला खोटं बोलायचाही कंटाळा आला होता, म्हटलं घरीच आहे, काम शोधतेय. त्या म्हणाल्या अहो मग सांगायचं नाही का, आमच्याकडे लेखापाल सोडून चाललीये. ती जाहिरात कुठेच आली नव्हती, यायचीही नव्हती. तिथे लगेच नाही झालं, पण तिथून दुसऱ्या एकांकडे नाव गेलं आणि पाच महिन्यांनी तिथे लागले. माझे शंभरभर अर्ज एकीकडे आणि रांगेतलं ते एक वाक्य एकीकडे.

नंतर वाचनात आलं की हे माझ्या एकटीच्या नशिबाचं नव्हतं. ग्रॅनोव्हेटर म्हणून समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७० च्या सुमारास नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की तुम्हाला हे कोणाकडून कळलं. ज्यांना ओळखीतून कळलं त्यांच्यातल्या फार तर सहातल्या एकाला ते नेहमीच्या भेटीतल्या माणसाकडून कळलं होतं, बाकी सगळ्यांना कधीतरी भेटणाऱ्या किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसांकडून. कारण साधं आहे, आपल्या जवळच्या लोकांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच, लांबच्या माणसाचं वर्तुळ वेगळं असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून जास्त लोकांच्या ओळखींवरून प्रयोग झाला, त्यातही जुजबी ओळखीच जास्त कामाला आल्या. तुमच्याकडे अकरा वर्षांचे पुरवठादार, ट्रान्सपोर्टवाले, गोडाऊनचे लोक, त्या दुपारी बरोबर काढलेले आठ जण आहेत. त्यातले काही कुठे ना कुठे लागलेच असतील. ते फोन करतायत आणि तुम्ही उचलत नाही.

आणि वेळेबद्दल थोडं. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल नावाच्या गावात गावाला पोसणारी कापडगिरणी बंद पडली, तेव्हा मारी याहोडा आणि त्यांच्या सोबतच्या अभ्यासकांनी तिथे जाऊन सगळं टिपून ठेवलं होतं. त्यांनी बेकार झालेल्या लोकांचा चालायचा वेग सुद्धा मोजला. पुरुष हळू चालत होते, मधे मधे थांबत होते, आणि बायका भराभर जात होत्या कारण त्यांच्यामागे घरची कामं होतीच. वाचनालयाची वर्गणी माफ केली तरी पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. वेळ भरपूर होता पण त्याला आकार उरला नव्हता. मला हे वाचून रडू आलं कारण मी तशीच झाले होते, दुपारी भांडी घासायला घेतली की चार वाजायचे. तुम्ही रोज ठरल्या वेळी बाहेर पडता हे खरं तर चांगलंच आहे, ते सोडू नका. फक्त खोट्याच्या आडून नको, उघड करा.

आईबाबांना सांगा हो. ते तुमचा थकवा रोज बघतायत, त्यांनी त्याचं काही भलतंच कारण धरलेलं असू शकतं. माझ्या सासूबाईंना वाटत होतं की मला काही आजार आहे आणि मी लपवतेय. खरं कळलं तेव्हा त्या सुटल्यासारख्या झाल्या.

सरळसोट

खडू_आणि_फळा, आकड्यांचं पटलं. मी बोललो ते माझ्या वेळच्या हिशोबाने बोललो, तेव्हा बाजार चढता होता हे मी धरलंच नव्हतं. कोरी_वही, मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं.

टेबलापलीकडून

उंबरठा ताईंशी शंभर टक्के सहमत, आम्ही सुद्धा ढीग उघडायच्या आधी आत फिरवून विचारतो की कोणाच्या माहितीत कोणी आहे का.

खालच्या जागेचं राहिलं होतं. माझं मत असं की घरात बायकोच्या पगारावर अजून काही महिने निघत असतील तर घाई करू नका, आणि निघत नसतील तर आजच घ्या, त्यात विचार करण्यासारखं काही नाही, घर आधी. पण एक बघा, ते काम तुमच्या शोधाचा वेळ किती खातं. दिवसाचे दहा तास आणि सहा दिवस असेल तर इंटरव्ह्यूला जायलाच मिळणार नाही. त्यापेक्षा कोणा लहान धंदेवाल्याचा स्टॉक लावून देणं, अर्धवेळ, तीन-चार महिन्यांच्या बोलीवर, असं तुमच्याच लाईनमधलं काही मिळालं तर पैसे कमी आले तरी ते रेझ्युमेत ताठ मानेने लिहिता येतं.

कोरी_वही

चार दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे प्रतिसाद दोन-तीनदा वाचले, बायकोलाही वाचायला दिले. सरळसोट, तुमच्यावर राग नाही, मी स्वतःला रोज तेच सांगत होतो.

रविवारी बाबांना सांगितलं. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो आणि त्यातलं काही बोललो नाही, वहीच त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले, बोट ठेवून एकेक ओळ. अर्धा तास तरी गेला असेल. मधे एकदाच वर बघून विचारलं, हे 'हो' म्हणजे त्यांनी हो म्हटलंय ना, मग? मी सांगितलं की ते होल्ड आहे, आणि होल्ड म्हणजे काय तेही सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले अक्षर चांगलं ठेवलंयस. आई आतून सगळं ऐकत होती, तिने संध्याकाळी एवढंच विचारलं की मग उद्या कुठे बसणार, समोरची खोली रिकामी करून देऊ का.

काल सात फोन केले. तीन उचलले गेले, त्यातला एक आमच्याबरोबर काढलेला मित्र, तो दोन महिन्यांपूर्वीच लागलाय आणि हेच सांगायला मला फोन करत होता. त्याने रेझ्युमे मागवलाय. एका ट्रान्सपोर्टवाल्या काकांनी त्यांच्या ओळखीच्या एका गोडाऊनचा स्टॉक दोन महिने लावून द्याल का विचारलं, पैसे फार नाहीत पण हो म्हटलं. होल्डवाल्या दोन मॅनेजरांपैकी एकाने उचलला, म्हणाला पुढच्या तिमाहीत परत विचारा, तारीख वहीत लिहून ठेवलीये. ती खालची जागा सध्या तरी घेत नाहीये.

एकच विचारायचं राहिलं. मित्राला रेझ्युमे आज रात्री पाठवायचाय, त्यात हे सात महिने कसे लिहू?

टेबलापलीकडून

एका ओळीत. विभाग बंद झाल्याने नोकरी संपली, कुठल्या महिन्यापासून ते, आणि त्याखाली गोडाऊनचं काम चालू असल्याचं. कारण द्या पण माफी मागितल्यासारखं लिहू नका. 'नऊ जणांचा पूर्ण विभाग' हे शब्द नक्की घाला, वाचणाऱ्याला लगेच कळतं की तुम्हाला एकट्याला काढलं नव्हतं. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवायच्या आधी एकदा नजर टाकतो, रात्री साडेदहापर्यंत मी जागाच असतो.